कपाळकरांचं बाळ

२ मार्च

ताई,

हे पत्र कामाचं आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं न वाचता बाजूला सारणार नाहीस. फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचतेस आणि मूग गिळून बसतेस, म्हणून तुझ्या प्रयोगशाळेच्या पत्त्यावर लिहिते आहे. तिथे चार माणसांच्या देखत पाकीट आलं की तुला ते उघडावं लागेल.

आमच्या मालिकेत बाळ जन्माला यायचं आहे. मालिका तुला नावाने माहीत आहे. ‘असला भंपकपणा बघायला मला वेळ नाही’ असं तू मागे म्हणाली होतीस, तेही माझ्या लक्षात आहे. तरी थोडक्यात सांगते. अवकाशात एक तळ आहे, तिथे पृथ्वीची माणसं आणि पाच-सहा ग्रहांचे लोक एकत्र राहतात. त्यातले सगळ्यात महत्त्वाचे ते कपाळकर. लेखकाने त्यांना एक लांबलचक नाव दिलं होतं, पण ते सेटवर कुणाच्या जिभेवर बसलं नाही. अठरा वर्षं सगळे कपाळकरच म्हणतात. बाकी ते अगदी आपल्यासारखे. नाक, तोंड, हात, पाय सगळं जागच्या जागी. फक्त कपाळावर हाडाचा उंचवटा. भुवयांच्या मधून एक उभी घडी निघते, वर जाऊन तिला दोन फाटे फुटतात. ती कपाळं मी करते. सिलिकॉनची, ज्याच्या-त्याच्या मापाची, रोज नवीन, कारण संध्याकाळी काढताना कडा फाटतात.

तर कपाळकरांचा राजदूत आणि पृथ्वीची एक वैमानिक यांचं लग्न लागून मालिकेत वर्ष झालं. प्रेक्षक विचारायला लागले, लेखकाने एका मुलाखतीत शब्द देऊन टाकला, आणि आता पुढच्या महिन्यात शूटिंग आहे. खरंखुरं तान्हं बाळ आणणार आहेत. दिग्दर्शकाने मला सांगितलंय की बाळालाही कपाळ कर, पण अर्ध्या उंचीचं, कारण बाळ अर्धं. त्याचं गणित असं सरळ असतं.

मला ते करायचं नाही. मोठ्या माणसाच्या कातडीवरसुद्धा तो डिंक दिवसभर राहिला की लाल चट्टे उठतात, आणि काढायच्या औषधाचा वास तर डोळ्यांत पाणी आणतो. तान्ह्या बाळाला मी ते लावणार नाही. पण नुसतं ‘नाही’ म्हटलं तर हे लोक दुसरी कुणीतरी आणतील आणि ती लावेल. त्यांना कारण द्यावं लागतं. शास्त्राचं कारण असलं की जरा दबतात.

तू जन्मभर घोडे, गाढवं, मेंढ्या यांचे संकर जुळवलेस. मला तुझ्या हुद्द्यासकट कागदावर लिहून दे. असं मूल होऊ शकतं का, झालं तर कसं दिसेल, आणि जन्मतःच त्याच्या कपाळावर हाड असेल का. एवढंच. बाकी काही विचारत नाही.

मधली


१३ मार्च

ताई,

चार पानं आली. टाइप केलेली, वर ‘प्रिय’ नाही, खाली ‘तुझी’ नाही. पण आली, आणि मी ती दोनदा वाचली.

तुझी ती बुरशीची गोष्ट वाचून मी उठून बाथरूममध्ये गेले आणि भिंतीचा तो काळा कोपरा बघून आले. ही बुरशी म्हणजे माझी चुलत-चुलत-चुलत बहीण, कारण फार मागे गेलं की आमचे पूर्वज एकच. आणि माझा राजदूत, ज्याचं तोंड मी रोज दोन तास हातात धरून बसते, तो माझा कुणीच नाही. म्हणजे पृथ्वीच्या बाईला बुरशीपासून मूल होण्याची आशा राजदूतापेक्षा जास्त, आणि तीही शून्यच. हे मी मेकअपच्या खोलीत वाचून दाखवलं. राजदूत हसला आणि त्याच्या कपाळाची डावी कड सुटली, ती मला पुन्हा चिकटवावी लागली.

पुढचंही मला कळलं, असं समजते. बीजांडाच्या कवचावर कुलूप असतं आणि शेजारच्या जातीच्या प्राण्याची किल्लीसुद्धा त्याला बहुतेक लागत नाही. लागलीच तर आत गुणसूत्रांच्या जोड्या जुळाव्या लागतात. घोडी आणि गाढव इतके जवळचे, तरी खेचराला पुढे पिल्लं होत नाहीत. आणि हे सगळं एकाच घराण्यातलं. दुसऱ्या ग्रहावर जीव वेगळा उपजला असेल तर त्याची लिपीच वेगळी. ज्यांची कधी भेट झाली नाही अशा दोन गावांनी आपापली भाषा बनवावी आणि दोन्हींचे शब्द काना-मात्रेसकट सारखे निघावेत, तसं ते होईल असं तू लिहिलंस. पटलं.

तिसऱ्या पानावर एक वाक्य आहे. शार्क आणि डॉल्फिन बाहेरून सारखे दिसतात, पण एक मासा आहे आणि दुसऱ्याचे पूर्वज जमिनीवर चालत होते; ‘एका पाण्यात राहिल्याने सारखेपणा येतो, नातं येत नाही.’ हे तू डॉल्फिनबद्दलच लिहिलंस ना? की मला ऐकवलंस? मी विचारायला नको होतं, पण विचारलं.

आता ऐक, तुझ्या चार पानांनी माझं काय केलं. मी ती मोठ्या तोऱ्यात दिग्दर्शकापुढे ठेवली. त्याने वाचली, लेखकाला दिली. आमचा लेखक म्हातारा आहे, शाळेत विज्ञान शिकवायचा, त्याने एकेक ओळ बोट ठेवून वाचली आणि अगदी खूश झाला. दिग्दर्शकही खूश झाला, पण वेगळ्या कारणाने. म्हणाला, मुळातच अशक्य आहे ना? मग प्रश्नच मिटला. जे अशक्य आहे ते कसंही दाखवलं तरी चूक नाही. लावा कपाळ.

मला तोंडात मारल्यासारखं झालं. तुझं शास्त्र माझ्याच अंगाशी आलं.

म्हणून पुन्हा लिहिते. ‘होत नाही’ म्हणून काखा वर करू नकोस. तू खोटं सांगावंस असं मी म्हणत नाही. पण समजा, एका जागी डोळे मिटून घेतले आणि म्हटलं की कुलूप उघडलं, जोड्या जुळल्या, लिपी एक निघाली. त्यानंतर तरी सगळं नियमाने चालेल ना? त्या नियमाने बाळ कसं जन्मेल तेवढं सांग. लेखक म्हणतो, गोष्टीला एक थाप माफ असते, दुसरी नसते. मला तुझ्याकडून त्या पहिल्या थापेनंतरचं सगळं खरं हवंय.

लवकर लिही. दोन आयांनी डिंकाचं ऐकून आपली बाळं परत नेली, आणि आता ज्या घरचं बाळ ठरलंय त्या घरचे नाही म्हणणार नाहीत.

मधली


२५ मार्च

ताई,

तुझं कार्ड मिळालं. एवढा प्रवास करून दोनच शब्द आले: ‘बाळ कुणाचं?’ तुझं नाक पहिल्यापासून तीक्ष्ण. मी कितीही आडून लिहिलं तरी तुला वास येणारच होता.

बाळ आपल्या धाकट्याचं आहे.

मुलगी. नोव्हेंबरात झाली. तुला कळवलं नाही, कारण त्याने मला कळवू दिलं नाही. म्हणाला, रक्ताची माणसं आपोआप कळतात असं तिचं मत आहे, तर कळेल तिला. मी त्याला सांगितलं की असं बोलू नये. पण मनातून मला ते आवडलं होतं, हेही लिहून ठेवते.

तो आमच्याच सेटवर काम करतो, तुला माहीत नसेल. लांब दांडीला माइक लावून नटांच्या डोक्यावर धरतो. बाळं परत गेली त्या दिवशी दिग्दर्शक कपाळाला हात लावून बसला होता आणि हा दांडी धरल्या जागेवरून म्हणाला, माझी मुलगी आणतो की. कुणाला विचारलं नाही, बायकोलाही नाही. मी त्याला बाजूला घेऊन झापलं. डिंक काय असतो, कातडी कशी सोलते, सगळं सांगितलं. त्यावर तो काय म्हणाला असेल? ‘तू लावणार आहेस ना? मग मला चालेल. तू तिला दुखवणार नाहीस.’ त्याच्या बायकोनेही तेच. आत्या सांभाळेल. आता मी कुणाशी भांडू? दिग्दर्शकाचा मला राग येतो, पण या दोघांच्या विश्वासाची भीती वाटते.

तर असं आहे. तिला दोन आत्या आहेत. तू बाबांकडून, मी आईकडून. लहानपणी धाकट्याची आपण वाटणी केली होती, डावी बाजू तुझी आणि उजवी माझी, कारण तू बाबांची, मी आईची, आणि तो दोघींचा अर्धा-अर्धा. तुझ्या बाजूच्या हाताला काही लागलं तर तू त्याला मलम लावायचीस आणि उजव्या गुडघ्याचं खरचटणं माझ्याकडे यायचं. त्याचं नाक मधोमध होतं, म्हणून सर्दी झाली की ते कुणीच पुसायचं नाही. आई वैतागून म्हणायची, अगं पोर आहे ते, जमिनीचा तुकडा नाही.

आणि मग दवाखान्यातला तो व्हरांडा.

दोन वर्षं झाली, आपण दोघी त्याबद्दल बोललो नाही. आज बोलते. बाबांनी मला सांगितलं होतं, धाकट्याच्या देखत, की मला यंत्रावर ठेवू नका. दुसरा झटका आल्यावर डॉक्टर बाहेर आले आणि विचारलं, मुलगी कोण? मी म्हटलं, मी. तू विमानात होतीस. तुझी वाट बघायची म्हणजे त्यांना तसंच ठेवायचं, आणि त्यांनी ते नको म्हटलं होतं. मी आज पुन्हा त्या दारात उभी राहिले तरी तेच सांगेन. दुसऱ्या दिवशी तू आलीस, बॅग हातातच होती, आणि सगळ्यांसमोर मला विचारलंस, ‘तू कोण ठरवणारी? तुझं त्यांच्याशी रक्ताचं काय आहे?’

तू म्हणत होतीस ते शास्त्र म्हणून बरोबरच होतं. माझं त्यांच्याशी रक्ताचं काही नव्हतं. मी सात वर्षांची असताना आईचं बोट धरून त्यांच्या घरात आले, आणि त्यानंतर मला दुसरे वडील नव्हते, एवढंच. तुझ्या त्या बुरशीइतकंच माझं नातं, असं तुला वाटलं असेल. पण मला शाळेत ने-आण कुणी केली, तापात कुणाचा हात कपाळावर होता, हे तू त्याच घरात बसून पाहिलं होतंस, ताई. म्हणून तो प्रश्न मला इतका लागला.

तुझा राग माझ्यावर असू दे. तो मी झेलेन. पण ही मुलगी डावी-उजवी करून तुझी निघत नाही, ती सगळीच तुझी भाची आहे. तिच्यासाठी लिही.

मधली


८ एप्रिल

ताई,

कुरिअरने पाठवलंस. म्हणजे घाई तुलाही होती.

वर मोठ्या अक्षरांत ‘हे सर्व फक्त “जर”च्या आत’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्यास, ते बघून मला हसू आलं. डोळे मिटून थाप मान्य करायला तुला किती जड गेलं असेल. पण एकदा मान्य केल्यावर तू जे लिहिलंस त्याला तोड नाही.

कपाळावर हाडाचा उंचवटा घेऊन बाळ बाहेर येईल कसं? अठरा वर्षं मी हे कपाळ करते, बाजूला तो विज्ञान शिकवलेला लेखक, आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात हा प्रश्न आला नाही. बाळाचं डोकं अरुंद वाटेने यायचं असतं, म्हणून कवटीचे तुकडे सुटे आणि मऊ असतात, एकमेकांवर सरकतात. हरणाचं पाडससुद्धा शिंगं घेऊन जन्मत नाही. उंचवटा यायचाच असेल तर वयात येताना येईल, दाढी-मिशीसारखा. हे वाचून सेटवरच्या साऱ्या बायका एकमेकींकडे बघून माना हलवायला लागल्या. दिग्दर्शक तेवढा खाली बघत होता.

मग त्याने शेवटचा डाव टाकला. म्हणाला, पण दुसऱ्या वर्षी आपण कपाळकरांचं पाळणाघर दाखवलं होतं, त्यातल्या बाळांना कपाळं होती. ती रबराची बाळं मीच केली होती. तेव्हा कुणी मला विचारलं नाही आणि मीही डोकं चालवलं नाही. मोठ्याचं छोटं केलं आणि मोकळी झाले.

पण तू त्याचंही उत्तर देऊन ठेवलं होतंस. शेवटच्या पानावर, ‘पाळणाघरातल्या बाळांबाबत’ म्हणून. ती बाळं कपाळकर आयांची. त्यांची हाडं रुंद असतील, वाट मोठी असेल, त्यांना परवडत असेल. हे बाळ माणसाच्या पोटात वाढलंय. मोठ्या जातीच्या घोडीला लहान जातीच्या घोड्यापासून झालेलं शिंगरू मोठं निघतं आणि उलट जोडीचं लहान, हे तू दोन ओळींत लिहिलंस. पोटात किती वाढायचं हे बरंचसं आईचं शरीर ठरवतं, बाप कोणीही असो. पुढे बाहेर आल्यावर ते बापासारखं वाढेल न वाढेल. जन्मताना ते आईच्या मापाचं असतं. दिग्दर्शकाने ते दोनदा वाचलं आणि कागद लेखकाकडे सरकवला. अजून पूर्ण हो म्हणाला नाही. एकदा कपाळ लावून आणि एकदा न लावता घेऊ, नंतर ठरवू, असं म्हणतो. म्हणजे लावायचंच. शूटिंग पुढच्या आठवड्यात आहे, आणि तेव्हा मला काय करावं लागेल ते मला कळलंय.

आता एक विचारू? पाळणाघराबद्दल मी तुला एक अक्षरही लिहिलं नव्हतं. दिग्दर्शकाला ते आठवण्याच्या आधी तुझं उत्तर इथे येऊन पडलं होतं. तो भाग सोळा वर्षांपूर्वीचा, आणि ती बाळं पडद्यावर जेमतेम पाणी पिऊन होईपर्यंत दिसतात.

तू बघतेस. असला भंपकपणा बघायला वेळ नसलेली माझी ताई मालिका बघते, जुने भागसुद्धा शोधून काढून बघते. का, ते विचारावं असं मला वाटतंय आणि विचारायची भीतीही वाटतेय. नसेल सांगायचं तर नको सांगूस. चार पानं, एक कार्ड आणि पुन्हा सहा पानं आली, एवढंही दोन वर्षांत नव्हतं.

मधली


३० एप्रिल

ताई,

आधी शूटिंगचं सांगते, कारण तुझं सगळं लक्ष तिथे असणार. तिला काही लागलेलं नाही. डिंकाचा थेंब नाही, पावडरसुद्धा नाही. कपाळ आहे तसं.

न लावता आधी घ्या, असा मी हट्ट धरला, आणि तो त्यांनी मानला. राजदूत माझ्या हातचं कपाळ लावून उभा, वैमानिक पलंगावर, धाकटा वर दांडी धरून. सुईण बाळ आणून राजदूताच्या हातात देते. लेखकाने तुझी सहा पानं वाचून सगळा प्रसंग नव्याने लिहिला होता. आधी राजदूताने आपल्या वंशाबद्दल मोठं भाषण करायचं होतं. आता त्याने फक्त त्या गुळगुळीत कपाळावरून अंगठा फिरवायचा आणि म्हणायचं, ‘मोठी झाली की घडी येईल. नाही आली तरी आमचीच.’ त्याने ते इतकं हळू म्हटलं की धाकट्याला माइक आणखी खाली आणावा लागला. आणि आमच्या बाईसाहेबांनी त्याच क्षणी राजदूताची उभी घडी मुठीत पकडून ओढली. डाव्या भुवईवरची कड टरकन सुटली. नट जागचा हलला नाही, तिच्याकडे बघत राहिला.

दिग्दर्शकाला शॉट आवडला. तरीही म्हणाला, आता कपाळ लावून घेऊ. मी म्हटलं, मी लावणार नाही. तो म्हणाला, मग दुसरी मुलगी लावेल. मी म्हटलं, लावू दे, पण त्याआधी मी या दारातून बाहेर गेलेली असेन आणि उद्यापासून तुमचे सगळे कपाळकर सपाट असतील. अठरा वर्षांचं काम आहे, आणि मला दुसरं काही येत नाही.

तेवढ्यात धाकट्याने दांडी भिंतीला टेकवली. काम चालू असताना त्याने ती कधी खाली ठेवलेली मी पाहिलेली नाही. तो आला, राजदूताच्या हातातून मुलगी घेतली आणि म्हणाला, ‘आत्या नाही म्हणाली. म्हणजे नाही.’ दिग्दर्शकाने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग राजदूताच्या लोंबणाऱ्या कपाळाकडे पाहिलं, जे नव्याने चढवायचं म्हणजे दुपार गेली असती. म्हणाला, ठीक आहे, हाच ठेवा. मी खोलीत जाऊन दार लावलं.

घरी आले तर तुझं पत्र होतं. हाताने लिहिलेलं. वर ‘मधले’ असं होतं.

तू लिहिलंस की बाबा गेल्यापासून दर आठवड्याला तू मालिका लावतेस. गोष्ट ऐकत नाहीस, आवाजही बंद असतो, नुसती कपाळं बघत बसतेस. आणि मग विचारलंस, ‘ते बाबांचं आहे ना?’

हो.

मला वाटत होतं की हे मला आणि त्यांनाच माहीत होतं. मी ही विद्या शिकत होते तेव्हा साचा घ्यायला कुणाचा तरी चेहरा हवा होता. आईला वाटलं माणूस गुदमरेल, धाकटा पळून गेला, तू तेव्हा शिकायला बाहेर होतीस. बाबा स्टूल घेऊन मोरीजवळ बसले आणि म्हणाले, ओत. मी नाकपुड्या मोकळ्या ठेवून प्लास्टर थापलं. ते गार लागलं, आणि त्यांनी ती आठी घातली. तुझ्या प्रगतिपुस्तकाला घालायचे, दिवाळखोर मित्राचं ऐकताना घालायचे, तीच. मधे उभी आणि वर दोन फाटे. तशीच ती साच्यात उतरली. माझ्या शिक्षकाने साचा बघून सांगितलं, बिघडला, चेहरा सैल हवा, पुन्हा घे. मी दुसरा घेतला आणि बिघडलेला ठेवून दिला. पुढे या मालिकेवाल्यांनी विचारलं की परग्रहावरची माणसं कशी दिसतील, तेव्हा मी फळीवरचा तो साचा काढला आणि त्या आठीवर बोटभर माती चढवली. बाकी काही केलं नाही. पहिला भाग लागला तेव्हा बाबा बराच वेळ बघत होते, मग हात आपोआप स्वतःच्या कपाळाकडे गेला, आणि म्हणाले, ‘हे लोक फार काळजी करतात असं दिसतं.’

साच्याचं तुला ठाऊक नव्हतं. तरी तुझ्या पत्राच्या शेवटी आहे ते मी इथे उतरवते, म्हणजे तू ते लिहिलंस हे तुलाही माहीत राहील. ‘मी त्यांची मुलगी, पण ती आठी मला नुसती आठवून काढता आली नसती. तुला आली. त्या दिवशी मी जे विचारलं ते विचारायला नको होतं. तू त्यांची मुलगी होतीस, आणि मला तिथे पोचता आलं नाही याचा राग मी तुझ्यावर काढला.’ मी हे वाचून रडले, आणि सांगायला मला लाज वाटत नाही. दोन वर्षं मी हीच ओळ तुझ्या तोंडून ऐकायला थांबले होते.

तुझं शास्त्र तरीही खरंच आहे. कपाळकर माझे कुणी नाहीत, आणि माझ्या रक्तात बाबांचा थेंबही नाही. मी त्याच्याशी वाद घालत नाही. धाकट्याच्या मुलीच्या कपाळावर मी ती आठी शोधली, रडताना, भुकेली असताना, नीट उजेडात. नाही आहे. कपाळ तिच्या आईचं आहे, रुंद आणि साधं.

धाकट्याला तुझं पत्र वाचायला दिलं. त्याने वाचलं, घडी घातली, आणि तिकिटाचं कधी बघतेय ते विचार, एवढंच म्हणाला. त्याच्याकडून इतकं आलं म्हणजे पुष्कळ आलं.

तर तिकीट बघ. उन्हाळ्याची सुट्टी होऊ दे, परिषद संपू दे, मग बघू, असलं काही मला नको. ती आता कुणाकडेही जाते. कुणीही हात पुढे केले की झेप घेते, दिग्दर्शकाकडेही गेली. पण आठव्या महिन्याच्या सुमारास मुलं माणसं ओळखायला लागतात, आणि ज्याला आधी पाहिलेलं नाही त्याला बघून रडतात. हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्याच्या आधी ये, ताई, म्हणजे तुला बघून ती रडणार नाही.

मधली